फुकटचे हात

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्यास एका व्याख्यानाला जाण्याचा योग आला. विषय मोठा मनोरंजक होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत ज्यांची पेटंटे घेतली गेली अशा नित्योपयोगी यंत्रांविषयी वक्ते बोलणार होते. वक्ते विद्वान आहेत, बहुश्रुत आहेत आणि त्यांची वाणी रसाळ आहे. म्हणूनच त्यांनी जे प्रतिपादन केले त्याचा प्रतिवाद करणे मला अवश्य वाटते. नीरस भाषणातून आलेला गैरसमज सभागृहाच्या दाराशीच थांबतो; रसाळ भाषणातून आलेला श्रोत्यांबरोबर घरी जातो आणि तेथे वस्तीला राहतो.

त्यांच्या भाषणाचा सारांश तीन कलमांत सांगता येईल. पहिले कलम असे की, बाटलीचे बूच, कपड्याची चेन, भांडी घासण्याचे यंत्र असल्या गोष्टींवर बुद्धी खर्च करणे हे भोगप्रधान समाजाचे लक्षण होय; आपली बुद्धी त्या काळी अधिक उंच विषयांत गुंतली होती. दुसरे असे की, जेथे आपल्या माणसाने यंत्रात लक्ष घातले तेथे तो कोणाहून उणा ठरला नाही. शंकर आबाजी भिसे हे त्याचे उदाहरण, आणि पुढे काही झाले नाही याचा दोष सर्वस्वी परकीय सत्तेचा. तिसरे असे की, आपल्या घरांत जाते, पाटा, उखळ ही साधने होतीच. त्यांत आरोग्य होते, काव्य होते, आणि ती गेल्यामुळे आपण दरिद्री झालो. तिन्ही कलमांना टाळ्या पडल्या. तिसऱ्याला सर्वांत अधिक पडल्या.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लहान यंत्र निपजण्यास बुद्धी लागते, भांडवल लागते, कायद्याचे संरक्षण लागते, हे सर्व खरे. पण या सर्वांच्या आधी एक गोष्ट लागते. जे काम हलके व्हावयाचे त्या कामाला काही किंमत आहे असे समाजाला वाटावे लागते. आमच्या सुशिक्षित घरांत दळणे, कांडणे, पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे ज्या हातांनी होत होती ते हात आम्हांला फुकट मिळत होते. फुकट मिळणारी वस्तू वाचविण्याची युक्ती कोणी शोधत नाही.

प्रथम ज्या वस्तूंना क्षुद्र म्हटले गेले त्यांकडे पाहू. लोणावळ्याला आलेल्या मुलांनी एके काळी ज्या बाटलीसाठी हट्ट धरला ती गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची. तिचे पेटंट १८७२ चे. बाटलीच्या गळ्यात रबराची चकती व काचेची गोटी. आतल्या वायूचा दाबच गोटीला वर रेटून बाटलीचे तोंड बंद करतो. ज्या दाबामुळे बूच उडावयाचे त्या दाबाकडूनच बुचाचे काम करून घेणे, ही कल्पना क्षुद्र म्हणावयाची की बुद्धिमान? १८९२ मध्ये अमेरिकेतील विल्यम पेंटर याने पत्र्याचे दातेरी झाकण काढले; ते अद्याप काचेच्या बाटल्यांवर बसते आहे. त्याच वर्षी स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने प्रायमस स्टोव्ह तयार केला. पंपाने हवा भरावयाची, तिच्या दाबाने रॉकेल वर चढावयाचे, तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हावयाची आणि ती निळ्या ज्योतीने, काजळी न धरता जळावयाची. ओल्या लाकडांच्या धुरात जिने चूल फुंकली आहे तिला या निळ्या ज्योतीचे महत्त्व सांगावे लागत नाही.

आणि भांडी घासण्याचे यंत्र. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळविले. ताटल्या-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे, ते एका चक्रावर बसविलेले, आणि त्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा जोरदार मारा. कॉक्रेनबाई सुखवस्तू होत्या, त्यांच्या घरी नोकर होते. नोकरांच्या हातून किमती चिनी मातीची भांडी टवके उडून खराब होत, म्हणून त्यांना हे सुचले असे सांगतात. पुढे पती वारले, डोक्यावर कर्ज राहिले, आणि छंद होता तो चरितार्थ झाला. आमच्या पंडिता रमाबाई त्या वर्षी अमेरिकेतच होत्या. तेथील लोकस्थितीवर त्यांनी १८८९ साली मराठीत ग्रंथ लिहिला, आणि आपल्याकडील स्त्रीची दशा तिकडच्या स्त्रीशेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली. ती दृष्टी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही, हा रमाबाईंचा दोष नव्हे.

आता उंच विषयांची गोष्ट. १८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत ११ सप्टेंबर रोजी स्वामी विवेकानंदांनी केलेले भाषण आमच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, आणि ते असावेच. पण त्याच प्रदर्शनात कॉक्रेनबाईंची यंत्रे उपाहारगृहांतल्या ताटल्या धूत होती, आणि व्हिटकोम्ब जडसन याने आपली नवी सरकती आकडी मांडली होती. तिच्यातूनच पुढे आजची कपड्याची चेन सिद्ध झाली. शिकागोहून आम्ही एक गोष्ट घरी आणली व दुसरी तेथेच ठेवली. दोन्ही आणण्यास कोणती आडकाठी होती? ताटल्या यंत्राने धुतल्या तर वेदान्ताला बाध येतो असे कोणत्याही आचार्याने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. खुद्द लोणावळ्यातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापिले आणि आसन-प्राणायामांचे परिणाम क्ष-किरण व मापनयंत्रे यांच्या साह्याने तपासून पाहिले. योगाला यंत्राचे वावडे नाही हे ज्या गावाने पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिले, त्या गावात बसून अध्यात्म आणि यंत्र यांची सोयरीक जमत नाही असे सांगणे धाडसाचे आहे.

दुसऱ्या कलमात पुष्कळ तथ्य आहे, आणि ते मी आधी मान्य करतो. परकीय सत्तेने आमच्या उद्योगाला पाय पसरू दिले नाहीत. पेटंटाचा कायदा या देशात प्रथम १८५६ साली झाला. त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या इंजिनिअरचा, आणि यंत्र कोणते? पंखा ओढण्याचे! साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा अखंड हलत राहावा ही त्या काळची निकड होती. पंखेवाला दमत असे, पेंगत असे. साहेबाला त्याच्या झोपेचा त्रास होई. कायदा कोणाच्या सोयीसाठी होता हे यावरून स्पष्ट दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना मुंबईतल्या शिक्षकाच्या नोकरीत बढती नाकारली गेली ती वर्णभेदाने, हेही सर्वश्रुत आहे.

पण हा न्याय पुरा करावयाचा तर दुसरी बाजूही तोलली पाहिजे. शंकर आबाजी भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. सामान्य स्थितीतल्या या तरुणाने १८९७ साली लंडनच्या एका नियतकालिकाने लावलेल्या स्पर्धेत बक्षीस मिळविले. यंत्र होते किराणा दुकानात साखर, पीठ असा माल आपोआप तोलून देणारे. ही नित्याची, घरगुती, शुद्ध व्यावहारिक वस्तू होती. पुढे ते इंग्लंडात गेले, छापखान्याचे खिळे वेगाने ओतणारे 'भिसोटाइप' यंत्र त्यांनी केले. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले, सर रतन टाटांनी पैसा दिला. तो उपक्रम मोडला, भिसे न्यूयॉर्कला गेले व १९३५ साली तेथेच वारले. त्यांना 'हिंदी एडिसन' म्हणून आम्ही गौरवितो. पण एक प्रश्न आम्ही विचारीत नाही. माल तोलण्याच्या यंत्राची स्पर्धा मुंबईत किंवा पुण्यात का लागली नाही? आमच्या पेठांत किराण्याची दुकाने थोडी होती काय? दुकाने होती, तागड्या होत्या, आणि तागडीपाशी पहाटेपासून रात्रीपर्यंत उभा राहणारा आठ-दहा वर्षांचा पोरही होता. त्याच्या मिनिटाला किंमत नव्हती. लंडनच्या वाण्याला नोकराचा वेळ विकत घ्यावा लागे, म्हणून त्याला यंत्र हवे होते. भिशांच्या बुद्धीला इंग्रजांनी गिऱ्हाईक मिळू दिले नाही ही तक्रार आपण जोराने करतो. आपण स्वतः तिचे गिऱ्हाईक होतो काय, हे मात्र विचारीत नाही.

परकीय सत्तेखालीही जेथे निश्चय होता तेथे मार्ग निघाला. याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे, माणशी एक पैसा वर्गणी गोळा करणाऱ्या पैसा फंडाने १९०८ साली काचेचा कारखाना उभा केला. किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष होते या समजुतीमुळे प्रारंभी ते नांगर पडून राहिले. पण शेतकऱ्याने अखेरीस नांगर घेतला. कारण नांगरामागे तो स्वतः चालत होता, बैल त्याचे होते आणि घाम त्याचा होता. माझ्या म्हणण्याचा हा मोठाच पुरावा आहे. ज्याचे श्रम वाचावयाचे त्याच्याच हाती निर्णय असेल, तर अशिक्षित मनुष्यही यंत्राची पारख करतो. जेथे श्रम एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, तेथे पदवीधरही आंधळा होतो.

येथे तिसरे कलम येते, आणि ते मला सर्वांत अप्रामाणिक वाटते. वक्त्यांनी जात्याचे वर्णन केले तेव्हा सभागृह हळवे झाले. पहाटेचा प्रहर, दगडाची घरघर, ओवीचे स्वर! पण जात्याच्या खुंट्याला कोणाचा हात होता? वर्णन करणाऱ्याचा खासच नव्हता. दोन जड तळ्या, मधल्या भोकात मूठमूठ दाणे टाकीत त्यांपैकी वरची तासन्‌तास फिरवायची. खांदा, कंबर, पाठ यांना विसावा नाही. घरात माणसे दहा असली तर दळण दहांचे. बाई गात होती, कारण गाण्याने दगड थोडा हलका होई. हे गाणे कोणासाठी व कशाविषयी होते हे पाहावयाचे असेल तर ते आज पाहता येते. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील मुळशी-मावळच्या खेड्यांपासून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्या त्या बायांच्या तोंडून जमविल्या. त्यांत भाऊ आहे, विठ्ठल आहे, लेक आहे, आणि सासुरवासाचे व कष्टाचे गाऱ्हाणेही भरपूर आहे. ओव्यांचा वारसा अमोल आहे हे मान्य. पण तो जपण्यासाठी बाईने जात्यापुढे बसून राहावे असे म्हणणे, म्हणजे शोकगीते सुंदर असतात म्हणून मृत्यूची सोय करणे होय. खेड्यात पिठाची गिरणी आली तेव्हा शेर-दोन शेर दळणासाठी कोसभर चालून बायका तिच्या दाराशी रांगेने उभ्या राहिल्या. त्यांनी दिलेला हा कौल आमच्या ललितलेखकांनी अद्याप वाचलेला नाही.

दुसऱ्यांना दोष देत असताना स्वतःला वगळणे बरे नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या घरी वीज होती, रेडिओ होता, कपाटभर इंग्रजी पुस्तके होती, आणि चटणी पाट्यावर वाटली जात होती. मिक्सर घ्यावा की नाही यावर बैठकीत एकदा चर्चा झाली. 'मिक्सरमध्ये चटणीची चव उतरत नाही,' असा निर्णय झाला. निर्णय देणारे वडील व दोन काका पाट्यापुढे आयुष्यात एकदाही बसले नव्हते. आईला कोणी विचारले नाही, आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. मी तेव्हा शाळेत वाफेच्या इंजिनाचा धडा पाठ करीत होतो.

त्या मिक्सरचीच कथा माझ्या म्हणण्याला पुष्टी देते. परदेशी यंत्रे आमच्या हळदीला, डाळीला, सुक्या खोबऱ्याला टिकत नसत, मोटर जळे. मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी असेच झाले. पत्नीचे यंत्र बंद पडले, दुरुस्तीची सोय नव्हती, आणि त्यांनी भारतीय वाटणाला पुरे पडेल अशी दणकट मोटर घालून नवे यंत्र सिद्ध केले. १९६०च्या दशकात निघालेला 'सुमीत' मिक्सर तो हाच. पाट्यावर काय वाटले जाते व त्याला किती जोर लागतो, हा प्रश्न आमच्या इंजिनिअरांपुढे पिढ्यान्‌पिढ्या रोज दोनदा मांडला जात होता. त्याचे उत्तर ताटात वाढलेले असे. प्रश्न कोणी तरी ऐकला तेव्हा तो सुटला.

आता मावळाकडेच पाहा. मोठे यंत्र येथे आले आणि डोळे दिपावेत असे आले. अमेरिकेच्या खाणमुलुखातल्या लेस्टर पेल्टन या कारागिराने १८८० साली एका पाणचक्कीचे पेटंट घेतले. तिच्या कडेच्या प्रत्येक पंचपात्राला मधोमध धार असते. जोरदार झोत त्या धारेवर दुभंगून दोन्हीकडे वळतो आणि आपली जवळजवळ सारी शक्ती चाकाला देऊन जातो. लोणावळा, वळवण, शिरवता येथे अडविलेले मावळचे पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीस अशाच चाकांवर वीज उत्पन्न केली आणि मुंबईच्या गिरण्या चालविल्या. त्या पराक्रमाला मी कमी लेखीत नाही. परंतु त्याच मालिकेतील पुढच्या धरणासाठी शेजारच्या मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, आणि १९२१ साली सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला. मोठ्या यंत्रासाठी कायदा, भांडवल, भूसंपादन, गव्हर्नर सर्व काही धावून आले. ज्या डोंगरावर कोसळणारा पाऊस मुंबईला उजेड देतो, त्याच डोंगरातल्या वाड्यांत चैत्र-वैशाखात बाई हंडा डोक्यावर घेऊन ओढ्याचा उतार चढते. तिच्या डोक्यावरचे ओझे उतरविणारे साधन कोणी शोधावे यासाठी कोणताही गव्हर्नर कोनशिला बसवावयास आला नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो मी टाळीत नाही. यंत्र आले म्हणून बाई सुटली काय? ज्या स्टोव्हच्या निळ्या ज्योतीचा मी वर गौरव केला, त्याच स्टोव्हच्या भडक्याची सबब पुढे करून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कितीतरी सुना जाळल्या गेल्या. १९८३ व १९८६ मध्ये फौजदारी कायद्यात नवी कलमे घालावी लागली. हे खरे आहे, भयंकर आहे. पण यावरून यंत्र वाईट ठरत नाही. ज्या घरात बाईच्या जिवालाच किंमत नाही तेथे तिच्या श्रमाला कोठून येणार, एवढेच ठरते. माझ्या सिद्धान्ताची ही सर्वांत काळी बाजू आहे. महात्माजी तर यंत्रांचे टीकाकार; तरीही १९२४ साली त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला, आणि कारण हे दिले की सिंगरने ते पत्नीचे कष्ट पाहून प्रेमाने केले. इतिहासदृष्ट्या सिंगरची ही कथा टिकणारी नाही. त्याचे गृहजीवन फारसे आदर्श नव्हते व हेतू रोकडा होता. पण महात्माजींनी लावलेली कसोटी बिनचूक आहे. यंत्राने कोणाचे कष्ट पाहिले, हा तो प्रश्न.

हाच प्रश्न मी आज वाचकांपुढे ठेवतो. आमच्या घरांत आता सर्व यंत्रे आली आहेत, आणि त्यांच्याजवळ पूर्वीसारखाच अल्प वेतनाचा एक हातही उभा आहे. भांड्यांचे यंत्र परवडणाऱ्या घरांतही ते अनेकदा घेतले जात नाही, कारण कामवाली त्याहून स्वस्त पडते. कामवालीची मजुरी बुडेल ही सबब करुणेची दिसते; पण तिला दुप्पट मजुरी देण्याचा प्रसंग आला की ही करुणा कोठे जाते? आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी असंख्य मुले प्रकल्प लिहितात. त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत कंटाळवाणे काम कोण करते हे आधी पाहावे, ते काम आठवडाभर स्वतः करावे, आणि मग कागद हाती घ्यावा. भात लावणाऱ्या, हंडा वाहणाऱ्या, गटार उपसणाऱ्या माणसाला 'तुझे कोठे दुखते?' असे विचारल्यावाचून केलेला शोध बक्षिसाला पात्र समजू नये.

व्याख्यान संपल्यावर चहा झाला. श्रोते शंभराच्या घरात होते. मागच्या पडवीत, पागोळ्या अंगावर घेत, तेथील रखवालदाराची बायको नळाखाली कप विसळीत होती. कप ठेवावयास मी तिकडे गेलो तेव्हा वक्तेही मागून आले होते. भांड्यांच्या यंत्राचा विनोद त्यांनी तासाभरापूर्वीच केला होता आणि त्याला हशाही पुष्कळ मिळाला होता. त्यांनी आपला कप तिच्या हाती दिला. मीही दिला. 'बाई, तुमचे हात गारठले असतील,' एवढे तरी म्हणावे असे मला घाटात उतरल्यावर सुचले.